आम्ही हळवे, आम्हाला बोलू नका

दिवाळीला घरी, अंबाजोगाईला गेलो होतो. चार दिवस चकल्या-लाडू झाल्यावर आणि पुण्यात फ्लॅटचे भाव काय चाललेत हे साताठ काकांना समजावून झाल्यावर पाचव्या दिवशी वडील म्हणाले, चल, एका पुस्तकाचं प्रकाशन आहे. गेलो. गावातल्याच एका तरुण कवीचा पहिला संग्रह. प्लास्टिकच्या खुर्च्या, व्यासपीठावर सात माणसं आणि समोर साठ. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग पुन्हा शाल. प्रत्येक वक्ता कवी पुढे किती मोठा होणार आहे ते सांगत होता. पुस्तक कुणी उघडलं असेल असं वाटत नव्हतं, कारण एकानेही एखाद्या कवितेचं नाव घेतलं नाही.

मग श्रोत्यांतून एक निवृत्त शिक्षक उठले. त्यांच्या हातातल्या प्रतीत जागोजागी कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. म्हणाले, "या संग्रहात अकरा कवितांमध्ये पाऊस आहे. पण तो मृगाचा आहे का परतीचा, पेरणीआधीचा का वेचणीला आलेल्या कापसावरचा, हे एकाही कवितेत कळत नाही. आपल्या जिल्ह्यात पाऊस एवढा स्वस्त नाही. हा पाऊस कवीने पाहिलेला नाही, वाचलेला आहे." एवढंच बोलून, कवीला शुभेच्छा देऊन ते खाली बसले. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही.

कवीचा चेहरा उतरला. उत्तराच्या भाषणाला उभा राहिला, दोन वाक्यं बोलला, गळा दाटला, बसला. आणि मग सगळा हॉल त्या सरांवर उलटला. मागून कुणीतरी "सर, आजचा दिवस तरी..." म्हणालं. अध्यक्षांनी समारोपात कवीचं मन फुलासारखं असतं, त्यावर दगड टाकायचे नसतात वगैरे सांगितलं. प्रचंड टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या! त्या टाळ्यांची लाज वाटायला मला घरी येऊन जेवून गच्चीवर जाईपर्यंत वेळ लागला.

कारण मंडळी, त्या संध्याकाळी कवीला मिळालेली एकमेव भेट म्हणजे ती अकरा कवितांची तक्रार होती. बाकी सगळ्या शाली. आणि आम्ही साठ जणांनी मिळून ती भेट त्याच्या हातातून काढून घेतली. वर त्याला हेही शिकवलं, की पुढच्या वेळी डोळ्यात पाणी आणलं की काम भागतं.

हे "कलावंत संवेदनशील असतो" प्रकरण मला आता अजिबात पटत नाही. म्हणजे कलावंत संवेदनशील असतो, असायलाच हवा, पण कशाबद्दल? आम्ही हापिसात सेन्सरवर काम करणाऱ्या एका टीमला कोड लिहून देतो. तापमान मोजणारा सेन्सर खोलीचं तापमान मोजण्यासाठी असतो. तो स्वतःच तापून स्वतःचाच आकडा दाखवायला लागला तर आम्ही त्याला "फार संवेदनशील आहे हो" म्हणत नाही, बदलतो. लेखकाची संवेदना ही दुसऱ्याच्या दुखण्याची खबर आपल्यापर्यंत यावी म्हणून असते. आपल्याकडे मात्र या शब्दाचा अर्थ सोयीने फिरवून घेतलाय. मला लागतं, म्हणून मी संवेदनशील. मी संवेदनशील, म्हणून मी लेखक. आणि मी लेखक, म्हणून मला बोलायचं नाही. हे असं गोल गोल फिरणारं लूप आहे, बाहेर पडायची कंडिशनच नाही.

गंमत म्हणजे हाच माणूस (म्हणजे मी) नोकरीत कसा वागतो? माझ्या कोडवर माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलगी सकाळी सत्तावीस शेरे मारते. हे नाव चुकीचं आहे, ही केस राहिली, हे फंक्शन कशासाठी आहे तेच कळत नाही. मी तोंड वाकडं करतो, चहा घेतो आणि जेवणाआधी सत्तावीसच्या सत्तावीस दुरुस्त करून टाकतो. एकदाही मनात आलं नाही की ही माझ्या आत्म्यावर बोलतेय. आणि गोष्टीवर एक माणूस एक वाक्य बोलला तर रात्रभर झोप नाही.

यावर लगेच उत्तर येतं की कोड वेगळा, कथा वेगळी, कथेत माणूस स्वतः असतो. असतो ना. पण म्हणूनच तर चूक जास्त महत्त्वाची. कोडमधली चूक सर्व्हर पाडेल, कुणीतरी रात्री दोनला उठून तो परत उभा करेल. कथेतली चूक दहा वर्षं तशीच छापलेली राहते आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या नावावर खपत राहते. हे मला कुणी सांगितलं आणि मी त्याला काय ऐकवलं, ते पुढे येईलच. ते टाळण्यासाठीच बहुधा मी इतका वेळ सिद्धांत सांगतोय. :)

त्याआधी थोडं आमच्या जिल्ह्याबद्दल. बीड म्हटलं की पुण्यातल्या मित्रांना दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण एवढंच आठवतं. पण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या जिल्ह्यात दोनदा भरलंय. १९८३ साली अंबाजोगाईला, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर, आणि १९९८ साली परळी वैजनाथला, अध्यक्ष द. मा. मिरासदार. मध्ये १९८५ साली नांदेडला झालं, तिथे अध्यक्ष होते शंकर पाटील. ही तिन्ही नावं ओळीने वाचा. कथाकथन हा प्रकार गावोगाव नेणारं त्रिकूट ते हेच, आणि तिघांच्याही गळ्यात अध्यक्षपदाची माळ मराठवाड्यातच पडली. योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो.

कथाकथन म्हणजे काय, हे आता नीट आठवून पाहायला हवं. छापलेली गोष्ट वाचताना वाचक कुठे कंटाळला हे लेखकाला कधीच दिसत नाही. कथाकथनात ते तिथल्या तिथे, तोंडावर कळतं. समोर शाळेच्या पटांगणात बाया, पोरं, म्हातारी माणसं बसलेली. विनोदाच्या जागी हशा आला नाही तर नाही आला, त्याला कुठली प्रस्तावना वाचवू शकत नाही. गोष्ट लांबली की मागची रांग पाणी प्यायला उठते. कुणाचं तरी लेकरू नेमकं कळसाच्या जागी रडतं, आणि तरीही लोकांचे कान तुमच्याकडे राहिले तरच गोष्ट खरी. तिथे "माझं मन फुलासारखं आहे" म्हणायची सोय नाही. ही माणसं वर्षानुवर्षं असल्या परीक्षेला स्वतःहून बसत होती. आणि यात कुणाची संवेदना कमी पडली म्हणता? 'बनगरवाडी' लिहिणाऱ्याची?

माझे वडील त्या ८३च्या संमेलनाला गेले होते, त्याच्या आठवणी ते अजून सांगतात. परळीला त्यांनी मलाही नेलं होतं. मला तिथलं साहित्य काही आठवत नाही, धूळ आणि भेळ आठवते. असो.

आता माझी गोष्ट.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मी पुण्यात, एसी हापिसात बसून हे सगळं वाचत होतो. आपला जिल्हा, आपली माणसं. रक्त उसळलं. दोन विकांत बसून एक कथा लिहिली आणि एका दिवाळी अंकात ती छापूनही आली. एक ऊसतोड बाई, तिचा दारुडा नवरा, पिळदार मिशांचा मुकादम, पोटात दुखणं, शहरातला डॉक्टर, आणि शेवटी ती फडाच्या कडेला बसून चांदण्याकडे बघतेय. हापिसातल्या तिघांनी वाचून डोळे पुसले. एक मावशी म्हणाली, किती रे हळवा तू! मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

मग एका रात्री शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर. त्याचे आईवडील दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जायचे, गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. लहानपणी दोन हंगाम तोही गेला होता, नंतर वसतिगृहात राहून शिकला, आता शिक्षक आहे. त्याने दिवाळी अंक कुठून तरी मिळवून गोष्ट दोनदा वाचली होती.

"तुपली गोष्ट वाचली," तो म्हणाला. "बोलू का खरं?"

बोल म्हणालो. (बोल म्हणताना आपण नेहमी "स्तुती कर" असंच म्हणत असतो.)

तो बोलला. फडावर झोपडी नसते, कोपी असते, आणि दोन्हीत फरक आहे. कोपीत उभं राहता येत नाही, तुझी बाई आत येरझाऱ्या घालतेय. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर असते, तुझ्या गोष्टीत नवरा एकटाच तोडतो आणि ती भाकरी घेऊन येते. पाचटाने हात कापतात म्हणून बाया लुगड्यावर पुरुषी शर्ट घालतात, तुझ्या बाईच्या बांगड्या किणकिणतात. मुकादम मिशा पिळत नाही, मारत नाही. तो गावातलाच, भावकीतला, त्याला मामा नाहीतर तात्या म्हणतात. तो उचलीचा आकडा आठवण करून देतो फक्त, आणि तेवढ्याने पुरतं. एक दिवस खाडा झाला की पैसे कापतात, त्या खाड्याचा तुझ्या गोष्टीत उल्लेखच नाही, मग ऑपरेशन कशासाठी झालं हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

इथवर मी ऐकत होतो. तपशील आहेत, पुढच्या वेळी बघू, असं मनात म्हणत होतो. मग तो म्हणाला, "आनि एक. तुपल्या गोष्टीत ती बाई एकदाबी बोलत न्हाई. सुरूपासून शेवटपर्यंत गप. मपली माय मोळी बांधताना बी बोलायची. गाडी भरताना बोलायची. शिव्या द्यायची, गाणी म्हणायची, मुकादमाला बी आइकवायची. तू तिला मुकी कामून केलीस रे?"

यावर मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर या लेखाला काही अर्थ नाही. मी आधी म्हणालो की ते मौन प्रतीकात्मक आहे. तो गप्प. मग म्हणालो की तुला साहित्यातलं तेवढं कळत नाही. तरी तो गप्प. मग मी म्हणालो, "तू ऊस तोडलास म्हणजे तुला कथा कळते असं नाही."

तो म्हणाला, "बरं." फोन ठेवला. त्यानंतर पाच वर्षं आम्ही बोललो नाही.

आणि या पाच वर्षांत मी स्वतःला काय सांगत होतो? की मी दुखावलो गेलोय! मी! ज्याने रात्री वेळ काढून, गोष्ट दोनदा वाचून, एकेक गोष्ट मला सांगितली, त्याला मी त्याच्या आईबापाच्या कामावरून टोचलं, आणि हळवा कोण, तर मी. संवेदनशील मनाचा लेखक. त्याच्या मनाचं काय झालं असेल हा विचार या संवेदनशील मनाला पाच वर्षांत फार तर दोनदा शिवला. नेमाड्यांचा एक जुना लेख आहे, 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' या नावाचा. कॉलेजात असताना तो वाचून आम्ही मोठमोठ्या नावांना हसलो होतो. लेखकराव व्हायला पुरस्कार, पदं, मोठं नाव लागतं असा माझा समज होता. एक छापील कथा आणि एक मावशी पुरते.

आता काही जण म्हणतील (एक मित्र म्हणालाच) की टीकेने खरंच लेखक मरतात, कीट्सचं काय झालं? कीट्सचं असं झालं, की १८१८ साली त्याच्या 'एन्डिमियन'वर दोन नियतकालिकांनी अत्यंत खुनशी लिहिलं, आणि तो १८२१ साली रोममध्ये क्षयाने गेला. क्षयाने. टीकेने गेला ही कथा शेलीच्या शोककाव्याने पसरवली आणि बायरनने तिची टिंगल केली. खुद्द कीट्सने त्याच १८१८ साली एका पत्रात कळवलं होतं, की त्या नियतकालिकांपेक्षा मी स्वतः माझ्या कवितेवर केलेली टीका मला जास्त वेदना देते. आणि त्याची ज्यांच्यासाठी आज आठवण काढतात ती काव्यं त्यानंतरच्या वर्षभरातली आहेत. आपल्याकडे अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले'मध्ये रविकिरण मंडळाच्या कवींची जी यथेच्छ रेवडी उडवली ती आजच्या कुठल्याही हॉलमध्ये कुणाला सहन झाली नसती. त्यात चांगलेच सापडलेले माधव जूलियन पुढे लिहायचे थांबले नाहीत. 'छंदोरचना'सारखा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला, 'गज्जलांजली' लिहिली, १९३६ साली जळगाव संमेलनाचे अध्यक्ष झाले. विडंबन करणारे अत्रेही पुढे १९४२ साली नाशिकला अध्यक्ष झाले. म्हणजे दोघांचंही काही बिघडलं नाही, मराठी वाचकाचा मात्र दोन्हीकडून फायदा झाला.

एक गोष्ट मात्र कबूल. टीका या नावाखाली बऱ्याच भलत्या गोष्टी खपतात. मर्ढेकरांवर 'काही कविता'साठी अश्लीलतेचा खटला चालला, त्यातून ते निर्दोष सुटले, पण तो खटला म्हणजे टीका नव्हती. आनंद यादवांना 'संतसूर्य तुकाराम'वरून २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, कादंबरी मागे घ्यावी लागली, संमेलन अध्यक्षाविना झालं. त्या कादंबरीबद्दल कुणाचं काहीही मत असो, माणसाला असं कोंडीत पकडणं म्हणजे टीका नव्हे, ते दडपण. दडपणापुढे लेखकाने कातडी जाड करावी असं मी कुणालाही सांगणार नाही. ते सोसायचं नसतं, त्याच्याशी भांडायचं असतं, आणि आपण वाचकांनी लेखकाच्या बाजूने भांडायचं असतं. गोची अशी आहे, की जमाव आला की आपण चिडीचूप असतो, आणि चिठ्ठ्या खोचलेलं पुस्तक घेऊन एकटा शिक्षक उभा राहिला की आपल्याला अचानक कलावंताच्या स्वातंत्र्याची काळजी वाटायला लागते. एकट्या म्हाताऱ्या माणसावर ओरडणं सोपं असतं, दुसरं काय.

अजून एक. दलित लेखकांना "ही भाषा साहित्याची नव्हे" असं वर्षानुवर्षं सुनावलं गेलं, तीही टीकाच होती की, असं कुणी म्हणेल. होती, आणि ती चुकीची होती. पण ती चुकीची का होती? बोलणाऱ्याला त्या जगातलं काही माहीत नव्हतं आणि ते माहीत करून घ्यायची गरजही वाटत नव्हती, म्हणून. उलट उदाहरणही तिथलंच आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तेव्हा मोठे नाटककार. पण ते ढसाळांबरोबर तो भाग फिरले, कवितेतले न कळणारे शब्द त्यांना विचारून घेतले, आणि आपल्याला कळत नव्हतं हे प्रस्तावनेत लपवलं नाही. माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं. ज्याला माहीत होतं तो सांगत होता, आणि ज्याला माहीत नव्हतं तो साहित्य शिकवत होता.

टीका कशी घ्यावी यावर लोक पुस्तकं लिहितात. मला त्यातलं एवढंच कळलंय, की ऐकताना तोंड बंद ठेवावं आणि लिहून घ्यावं. दोन दिवसांनी वाचलं की निम्मं फालतू वाटतं, ते सोडून द्यावं, कुठल्याही टीकाकाराचं सगळं खरं नसतं. उरलेलं जे आहे ते नेमकं तेच असतं, जे लिहितानाच आपल्याला आतून माहीत होतं. बांगड्या किणकिणल्या तेव्हा माझा हात एक सेकंद थांबला होता, मला नक्की आठवतं. चांगलं वाटलं म्हणून मी ते वाक्य ठेवलं.

खरी गडबड टीकेत नाहीच, ती शालीत आहे. आपल्याकडे लेखक लेखकाला प्रस्तावना देतो, मग दुसरा पहिल्याच्या पुस्तकाचं परीक्षण लिहितो, परीक्षणात आशय, अभिव्यक्ती आणि अस्सल मातीचा गंध हे तीन शब्द येतात, आणि पुस्तक कपाटात जातं. पुस्तक वाईट आहे असं कुणी म्हणत नाही, ते चांगलं आहे असंही कुणी खऱ्या अर्थाने म्हणत नाही, कारण सगळंच चांगलं म्हटल्यावर त्या शब्दात उरलं काय? लिहिणारे पोरगे विशी-पंचविशीत असतात, त्यांना वाटतं आपण पोचलो. तिशीत कधीतरी लक्षात येतं की आपल्याला कुणी वाचलंच नव्हतं. निंदकाचं घर शेजारी असावं असं आपल्याकडे म्हणतात. आपण त्याला सोसायटीत गाडी लावायला जागा देत नाही.

तर त्या रात्री गच्चीवर बसून मी मित्राला फोन लावला. पाच वर्षांनी. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते काहीच बोललो नाही. म्हणालो, ती बाई बोलत नाही हे तुझं बरोबर होतं, मी तीन वेळा पुन्हा लिहून बघितली, पण तिच्या तोंडी काय घालायचं हेच मला सुचत नाही. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला काय इचारतोस? मायला इचार. घरीच हाय ती आता."

दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. निम्म्या घरांना कुलूप होतं, टोळ्या निघून गेल्या होत्या. मित्राने दारात नुसतं "ये" म्हटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "आधी च्या घे." (हे सगळं त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच लिहितोय.)

मावशी ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय लिव्हलंस बाबा? वाच की."

मी वाचायला लागलो. शंभर माणसांच्या मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन देताना घाम येत नाही, तिथे आला. कोपीतल्या येरझाऱ्यांना त्या हसल्या. मुकादमाच्या मिशांना अजून हसल्या. ऑपरेशनचा भाग आला तेव्हा त्या खाली बघत होत्या, आणि मित्र उठून आत गेला. तेव्हा मला कळलं. पाच वर्षांपूर्वी त्याने तो फोन कशासाठी केला होता ते तेव्हा कळलं, त्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

शेवटचं चांदणं आलं तर म्हणाल्या, "चांदनं कशाला बघत बसंल ती? गाडी भरायची आसंल की."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "तू लिव्हलंस तिला फशिवलं. मला कुनी फशिवलं न्हाई. दुखायचं. डाक्टर म्हनला काडून टाका. मी हिशेब केला. म्हयन्याला चार खाडे, सा म्हयन्याचे किती, आन् उचल किती. पोरगा शिकत व्हता." बोटांवर मोजून दाखवला त्यांनी तो हिशेब. "हिशेब चुकला आसंल. पर केला व्हता मीच."

मी मोबाइलमध्ये उतरवून घेत होतो. त्यांनी विचारलं, "नाव काय ठिवलंस तिचं?"

मी पानं मागे-पुढे केली. कथाभर "ती" होती. नवऱ्याला नाव होतं, मुकादमाला होतं, डॉक्टरला आडनावासकट होतं.

"राहिलंय," मी म्हणालो.

"मंग घाल की," म्हणाल्या, आणि गार झालेला चहा परत गरम करायला उठल्या.